न उडालेल्या विमानाचा प्रवासी

मामांना आम्ही निरोप दिला आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी ते दुकानाच्या दारात उभे. दोन्ही हातांत बॅगा, गळ्यात आम्हीच भेट दिलेला नवा मफलर, आणि चेहरा पत्ता विचारायला आलेल्या परक्या माणसासारखा. मी काउंटरवर एका बाईंना फ्रेम दाखवत होते. मान वर केली आणि हसूच आलं मला.

"काय मामा, काही विसरलात वाटतं? की विमानवाल्यांनीही मामा बनवलं?"

ते हसले नाहीत. बॅगा खाली ठेवल्या नाहीत. फ्रेम बघणाऱ्या बाईंकडे पाहत, जणू त्यांनाच सांगतोय असं म्हणाले, "समुद्र आत आला."

"कुठे आत आला?"

"गावात."

मला काही कळलंच नाही. समुद्र गावात येतो म्हणजे काय? पाणी साचतं, तसं? मागून आमचे मालक आले, त्यांनी एकदा मामांकडे पाहिलं आणि गिऱ्हाइकांसाठी भिंतीवर लावलेला, एरवी दिवसभर चष्म्यांच्या जाहिराती दाखवणारा टीव्ही बातम्यांवर लावला. पडद्यावर तपकिरी पाणी होतं आणि पाण्यातून छपरांचे कोपरे वर आले होते. एका छपरावर एक गाडी उलटी पडली होती. खाली ज्या गावाचं नाव येत होतं ते आम्ही मामांच्या तोंडून इतक्या वर्षांत हजारदा ऐकलं होतं. त्या अनोळखी बाईंनीच पुढे होऊन मामांच्या हातातून एक बॅग घेतली.

मामा टीव्हीकडे बघेनात. म्हणाले, "माझा अॅप्रन कुठे आहे?" आणि मागच्या खोलीत जाऊन कामाला बसले.

मामा म्हणजे आमच्या दुकानातले काचा घासणारे कारागीर. चष्म्याच्या दुकानाचा पुढचा भाग सगळ्यांच्या ओळखीचा असतो: आरसे, दिवे, रांगेत लावलेल्या फ्रेम आणि माझ्यासारखी गोड बोलणारी कोणीतरी. मागची खोली कोणी बघत नाही. तिथे घासायचं यंत्र, त्यावर सतत पडणारी पाण्याची बारीक धार, टोपलीत साचलेला काचेचा पांढरा गाळ, आणि स्टुलावर मामा, रबरी अॅप्रन घालून. काच फ्रेमच्या आकारात उतरली की ती उजेडाकडे धरायची, एक डोळा मिटून बघायची, पुन्हा यंत्राला लावायची. चष्मा तयार झाला की ते स्वतः बाहेर आणून देत. लग्न झालेली बाई असली तर ठरलेलं वाक्य: "घ्या. आता नवरा स्पष्ट दिसेल. तक्रार घेऊन माझ्याकडे यायचं नाही." बायका हसत, आणि नवरे सोबत असले तर तेही, थोडे कसनुसे.

ते आमच्या देशाचे नव्हते. समुद्रकाठच्या एका लांबच्या देशातून कामाच्या परवान्यावर आले होते. घरी बायको आणि एकुलती मुलगी. मुलगी शिकून पायावर उभी राहिली की परत जायचं, असं ठरवून आलेले. मधल्या वर्षांत सुटीवर जाऊन यायचे, पण ते पाहुण्यासारखं. मुलगी शिकली, गावातल्याच प्राथमिक शाळेत बाई म्हणून लागली. मामांनी परवाना पुन्हा वाढवला नाही. "आता पुरे," म्हणाले. "मुलीला मोठी होताना पाहिलं नाही. म्हातारी व्हायच्या आत तरी बघतो." निरोपाला मालकांनी केक आणला आणि भाषण करायला उभे राहिले ते दोन वाक्यांतच अडकले. मामांनीच त्यांची पाठ थोपटली.

मामा त्या सकाळी विमानतळावर पोहोचले होते. पासपोर्ट दाखवला, देश सोडल्याचा शिक्का घेतला, आत जाऊन बसले. विमान उशिरा निघेल म्हणाले, मग आणखी उशिरा, मग कोणीच काही म्हणेना. मग समोरच्या पडद्यावर ते तपकिरी पाणी दिसलं. त्या रांगेत बसलेले जवळजवळ सगळेच त्या देशाचे. मामा सांगत होते, आधी एकदम शांतता झाली, आणि मग एकाच वेळी सगळ्यांचे फोन बाहेर निघाले. एकाचाही लागेना. विमान रद्द झालं. विमान कंपनीच्या मुलींनी रडत रडतच सगळ्यांना कर्मचाऱ्यांच्या दाराने बाहेर आणलं आणि सामान परत दिलं. त्या गडबडीत कुणाच्या शिक्क्याचं कुणाला सुचणार?

ती दुपारभर मामा एका शाळकरी मुलीच्या चष्म्याची काच घासत बसले. काच केव्हाच तयार झाली होती. ते ती यंत्राला लावत, उजेडाकडे धरत, पुन्हा लावत. शेवटी मालकांनी यंत्राचं बटण बंद केलं. "मामा, ती काच संपेल," म्हणाले, आणि बाहेर जाऊन फूटपाथवर उभे राहिले.

मामांनी खोली सोडली होती. तिथे दुसरा भाडेकरू राहायलाही आला होता. मी त्यांना घरी घेऊन आले. माझा नवरा एरवी पाहुणा म्हटलं की कपाळाला आठ्या घालणारा. त्या दिवशी काही न विचारता त्याने बैठकीच्या खोलीतला सोफा भिंतीला लावला आणि गादी घातली. मामांनी बॅगा उघडल्या नाहीत. उघडणार कशा? त्यांत बायको-मुलीसाठी घेतलेल्या वस्तू होत्या.

बायकोचा फोन बंद येत होता. मुलीचा मात्र वाजत होता. ही गोष्ट मी आयुष्यात विसरायची नाही. सगळं गाव पाण्याखाली आणि तिचा फोन वाजतोय. मामा नंबर लावत, माझ्या कानाशी फोन धरत, म्हणत, "ऐक. वाजतोय ना?" वाजत होता. पूर्ण वाजून बंद व्हायचा. "म्हणजे फोन कोरडा आहे," मामा म्हणत. "फोन कोरडा आहे म्हणजे ती कोरडी आहे." आम्ही दोघं नवरा-बायको माना डोलवायचो.

एका सकाळी चहा घेताना त्यांनी सवयीने नंबर लावला, आणि तिकडून कोणीतरी उचलला.

मामा खुर्चीवरून उठलेच. त्यांचा फोन जुना, आवाज बाहेरपर्यंत यायचा. भाषा मला कळली नाही, पण पुरुषाचा आवाज होता एवढं कळलं. मामा काहीतरी म्हणाले. पलीकडचा काहीतरी म्हणाला. मग मामा नुसतेच ऐकत राहिले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, आणि त्या चेहऱ्यातून माणूस निघून जाताना मला दिसला. दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

नंतर त्यांनी ते बोलणं आम्हाला शब्दनशब्द सांगितलं, सपाट आवाजात.

"त्याने विचारलं, हा फोन कोणाचा? मी म्हटलं, माझ्या मुलीचा. तू कोण? तो म्हणाला, आम्ही मदतकार्यातले. शाळेच्या वरच्या मजल्यावर कपाटावर होता, वाजला म्हणून उचलला. मी विचारलं, ती कुठाय? तो म्हणाला, काका, इथे कोणी नाही. मी म्हटलं, नीट बघ. तो म्हणाला, काका, इथे खालचा मजलाच नाही."

माझ्या नवऱ्याने हातातला कप खाली ठेवला. त्याला कामावर जायचं होतं. गेला नाही.

मामी, म्हणजे मामांची बायको, जिवंत असल्याचं त्यानंतर कळलं. मदत छावणीतल्या कोणाच्या तरी फोनवरून त्यांनी दुकानात फोन केला, कारण दुकानाचा नंबर तेवढा त्यांना पाठ होता. फोन मी उचलला. त्या फक्त मामांचं नाव घेत होत्या. मी मागच्या खोलीकडे धावले. मामा तिथे बसून असायचे, काम न करता. त्यांनी फोन कानाला लावला आणि खाली फरशीवर बसले.

झालं होतं असं, की मामांना घ्यायला मामी आदल्या दिवशीच बसने राजधानीत गेल्या होत्या. विमान तिथे उतरणार होतं. मुलगीही जाणार होती, पण शाळेत परीक्षा होत्या. ती म्हणाली, तू जा, मी संध्याकाळी घरी भेटते बाबांना. मामी डोंगरापलीकडे होत्या तेव्हा समुद्र आत आला. मामा घरी येत होते म्हणून त्या वाचल्या. हे लक्षात आलं तेव्हा मला त्यातून आनंद काढता येईना आणि दुःखही नीट करता येईना.

आता इकडचं. मामांचा कामाचा परवाना संपला होता. मालकांनी त्यांना हळूच बाजूला घेतलं. "मामा, तुम्ही इथे बसा, चहा घ्या, हवं तर झोपा. पण यंत्राला हात लावू नका. तपासणी आली तर तुम्हालाच धरून नेतील." एका क्षणात सगळं घरदार गेलेला माणूस, त्याच्या हातांना दुसरं काही येत नाही, आणि त्याला स्टुलावर बसवून सांगायचं की हात मांडीवर ठेव! पण मालकांचंही चुकत नव्हतं.

मग सरकारने जाहीर केलं, की त्या देशाचे जे लोक आपत्तीच्या दिवशी आपल्याकडे होते, त्यांना सध्या परत पाठवणार नाही. काही काळ राहता येईल, कामही करता येईल. तात्पुरतं, पण येईल. टीव्हीवर ही बातमी आली आणि मालकांनी दुकानातच टाळी वाजवली. आमचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी मी मामांना घेऊन परदेशी नागरिकांच्या कार्यालयात गेले.

मोठा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, जुनाट पंखा, आणि सगळीकडे मामांच्या देशाची माणसं. कोणी कोणाशी मोठ्याने बोलत नव्हतं. आमचा नंबर लागला. खिडकीतल्या अधिकाऱ्याने पासपोर्ट घेतला, समोरच्या संगणकात पाहिलं, पुन्हा पासपोर्ट पाहिला.

"हे गृहस्थ कुठे आहेत?" त्याने मला विचारलं.

"हे काय, समोर उभे आहेत."

"नाही बाई. हे देशात नाहीत. त्या दिवशी सकाळीच गेलेत. हा शिक्का बघा."

"अहो, विमान उडालंच नाही!"

"ते विमान कंपनीला विचारा. आमच्याकडे ते गेलेले आहेत. जो आपत्तीच्या दिवशी इथे नव्हता त्याला ही सवलत नाही."

मामांनी खिडकीच्या काचेवर हात ठेवला आणि अगदी नम्रपणे विचारलं, "साहेब, तिकडे माझं गाव नाही. इकडे मी नाही. मग मी आहे कुठे?"

अधिकारी वाईट माणूस नव्हता. त्याने मान खाली घातली. "रेकॉर्ड दुरुस्त करता येतं," म्हणाला, "पण ते विमानतळाच्या विभागाकडून यावं लागतं. वेळ लागेल. तोपर्यंत तुम्ही..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. तोपर्यंत मामा बेकायदा होते. शिक्का मारून बाहेर गेलेला माणूस कुठल्याही परवानगीशिवाय आत आलेला, असा त्याचा सरळ अर्थ.

बाहेर जिन्यात मी रडले. मामा मला रुमाल देत होते. काय ही तऱ्हा!

त्याच दिवसांत मामींची बातमी आली. त्या छावणीत थांबल्या नव्हत्या. मुलीला शोधायला गावाकडे चालत गेल्या होत्या. ढिगाऱ्यात एका पत्र्याने पाय कापला गेला, त्या तशाच फिरत राहिल्या, आणि आता पाय काळा पडत चालला होता. छावणीतल्या डॉक्टरने सांगितलं होतं, इथे औषध नाही, शस्त्रक्रियेची खोली नाही, असं चाललं तर पाय जाईल, आणि पायावर थांबलं तर नशीब. मामांनी हे ऐकलं आणि ते सरळ बॅग उचलून दाराकडे निघाले. "मी जातो." माझा नवरा दारात आडवा उभा राहिला. "जाणार कसे? विमानं बंद आहेत. आणि गेलात तर करणार काय, तिच्या शेजारी बसणार? तिला इकडे आणायला हवं."

कोणीतरी आम्हाला एका वकीलबाईंचं नाव सांगितलं. एका वाचनालयाच्या वर त्यांचं छोटं कार्यालय, अशा अडलेल्या लोकांना मदत करणारं. बाई बुटक्या, केस विस्कटलेले, बोलताना पेन दाताखाली. त्यांनी सगळं ऐकलं, पासपोर्ट उघडला, तो शिक्का पाहिला आणि चक्क हसल्या. मला राग आला.

"माफ करा," त्या म्हणाल्या. "पण हे त्यांनी आपल्या हातात दिलंय. ते म्हणतात ना, मामा देशाबाहेर आहेत? चला, आपण मान्य करू. बाहेरच्या माणसासाठी एक वेगळी वाट आहे. ज्याच्यावर अचानक मोठं संकट आलंय, अशा एखाद्या माणसाला सरकार काही काळापुरतं आत येऊ देतं. व्हिसा नाही, कायमचं काही नाही, हक्कही नाही. नुसती माणुसकीची परवानगी. अर्ज एकेकाचा बघतात, हो म्हणतात किंवा नाही म्हणतात. मामींसाठी तीच वाट. आणि मामांसाठीही तीच."

"पण मी इथेच आहे," मामा म्हणाले.

"मला माहीत आहे हो," त्या म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज मऊ झाला. "पण मामींना ज्याच्याकडे यायचंय तो नवरा आधी इथे असायला हवा. आधी तुम्हाला इथे आणू. मग त्यांना."

मालक दोघांसाठीही हमीदार राहिले. आमच्या मालकांबद्दल लोक म्हणतात, की स्क्रूसुद्धा मोजून देतात. पण वकीलबाईंनी आपल्या कार्यालयात "यांची जबाबदारी कोण घेणार?" असं विचारताच त्यांनी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला होता.

मामांचा अर्ज मंजूर झाला. आणि मग जे झालं ते मी कोणाला सांगितलं तर खोटं वाटतं. परवानगी होती 'आत येण्याची'. आत यायचं तर विमानतळाच्या दारातून यायला हवं. म्हणून मामांना विमानतळावर बोलावलं. वकीलबाई सोबत गेल्या. एका शिपायाने दोघांना मागच्या बाजूने, सामान वाहायच्या वाटेने आत नेलं आणि परदेशातून उतरलेल्या प्रवाशांच्या रांगेत उभं केलं. पुढे-मागे झोपाळलेले, मानेला उशा लावलेले प्रवासी. त्यांच्या मधोमध मामा, बसचं तिकीट खिशात.

काउंटरवरच्या मुलीला कोणी काही सांगितलं नसावं. तिने न बघता विचारलं, "कुठून आलात?"

मामांनी वकीलबाईंकडे पाहिलं. मग खरं तेच सांगितलं. "चष्म्याच्या दुकानातून."

मुलीने वर पाहिलं. बाईंनी कागद पुढे सरकवला. तिने तो वाचला, दोनदा वाचला, आणि तिचा चेहरा उतरला. तिने शिक्का मारला. प्रत्येकाला म्हणायचं ते वाक्य तिच्या तोंडून आपोआप निघालं, "आपलं स्वागत आहे," आणि मग तिने तोंडावर हात ठेवला.

मी, माझा नवरा आणि मालक बाहेर कठड्यापाशी उभे होतो. आजूबाजूला फुलं घेतलेली, नावाच्या पाट्या धरलेली माणसं. सरकतं दार उघडलं आणि मामा बाहेर आले. ना बॅग, ना काही. दोन पावलं चालले आणि थांबले. फोनवर मुलगी गेल्याचं कळलं तेव्हा ते रडले नव्हते, मामींचा आवाज ऐकून रडले नव्हते. तिथे, त्या दारात, ते मोठमोठ्याने रडायला लागले. लोक वाट सोडून बाजूने जात होते. मालक कठडा ओलांडून आत गेले, शिपाई त्यांच्यावर ओरडला, मालक त्याच्यावर ओरडले, आणि मामांना खांद्याला धरून बाहेर घेऊन आले.

गाडीत बसल्यावर मामा म्हणाले, "असंच दार असणार होतं. तिकडे."

दुसऱ्या दिवसापासून मागच्या खोलीत पुन्हा यंत्राचा आवाज यायला लागला. बायकांना चष्मा देताना ते आता काही बोलत नसत. जुनी गिऱ्हाइकं वाट बघायची, मग गप्प निघून जायची.

मामींची परवानगी यायला उशीर झाला. वकीलबाई रोज फोन करायच्या, रोज कोणाशी तरी भांडायच्या. एकदा तर पेन टेबलावर आपटून म्हणाल्या, "पाय काय फायलीची वाट बघत थांबतो का!" शेवटी परवानगी आली: उपचारापुरती, ठरावीक मुदतीची.

मामी चाकाच्या खुर्चीतून बाहेर आल्या. मला वाटलं होतं, आता मिठी, आता रडारड. मी पदर तोंडाला लावून तयारच होते. मामींनी मामांकडे वर मान करून बराच वेळ पाहिलं आणि त्यांच्या भाषेत म्हणाल्या, मामांनी नंतर सांगितलं तसं, "किती म्हातारे झालात हो तुम्ही."

मामा म्हणाले, "तू पण."

एवढंच. इतक्या वर्षांनंतर, इतक्या सगळ्यानंतर. मामांनी खुर्ची ढकलायला घेतली. ती भलत्याच बाजूला जाऊ लागली, तेव्हा मामींनी टोचलं, आणि मामांनी तेही आम्हाला सांगितलं, "काचा घासता येतात, खुर्ची ढकलता येत नाही?" आणि मला एकदम वाटलं, हे दोघं कदाचित जगतील.

मुलीचं काय झालं ते मामींनी दवाखान्यातून घरी आल्यावर सांगितलं, आमच्या स्वयंपाकघरात, भाजी निवडत; मामा शेजारी बसून आमच्या भाषेत सांगत होते. गावातल्या एका वाचलेल्या मुलाच्या आईने त्यांना सांगितलं होतं. पाणी दिसलं तेव्हा मुलीने आपला वर्ग वरच्या मजल्यावर नेला. फोन कपाटावर ठेवला. मग दुसऱ्या वर्गातली लहान पोरं खाली राहिलीत म्हणून उतरली. काहींना वर पाठवलं. पुन्हा उतरली. वरच्या मुलांना पुढे होडीवाल्यांनी काढलं. मामी सांगत होत्या, देठ मोडत होत्या. "माझ्याबरोबर चल म्हटलं होतं मी तिला," त्या म्हणाल्या. "परीक्षा आहे म्हणाली. परीक्षा!" आणि हातातली जुडी त्यांनी भिंतीवर फेकून मारली. मग उठून लंगडत गेल्या आणि स्वतःच सगळी पानं वेचून आणली.

पाय वाचला होता. पुढची बोटं काढावी लागली होती. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर बोलायची वेळच आली नसती. मामी एका खास बुटात चालायला शिकल्या. आमच्या गल्लीच्या टोकाला दोघांनी एक खोली घेतली. मला वाटलं, संपलं आता. जे व्हायचं ते होऊन गेलं.

पण मुदत संपत आली. मामांच्या देशाच्या लोकांना दिलेली सवलत सरकारने पुढे वाढवली, आणि तोवर त्यांचं रेकॉर्डही दुरुस्त झालं होतं, म्हणजे मामांना राहता येणार होतं. मामी मात्र आपत्तीच्या दिवशी इथे नव्हत्या. त्या उपचारासाठी आल्या होत्या, आणि उपचार पूर्ण झाले होते. एकदा मुदत वाढवून मिळाली. दुसऱ्यांदा नाही म्हणाले. पाय बरा झाला हाच गुन्हा! मी वकीलबाईंसमोर अक्षरशः ओरडले, "म्हणजे नवऱ्याने राहायचं आणि बायकोने जायचं?"

"अपील करू," बाई म्हणाल्या. "लढू. वर्षभर सहज निघेल. पुढचं सांगता येत नाही."

मामा म्हणाले, "नको. आम्ही दोघं जातो."

या एका परवानगीसाठी आम्ही काय काय केलं होतं! ज्यासाठी माणसं त्या हॉलमध्ये महिनोन्महिने बसतात, ते मामांच्या खिशात होतं आणि तेच टाकून मामा जायला निघाले होते. "मामा," मी म्हटलं, "तिकडे आहे काय? घर नाही. गाव नाही. तुम्ही स्वतः म्हणालात, गाव नाही!"

मामांनी मामींकडे पाहिलं. मामी बुटाची पट्टी बांधत होत्या. वर न बघता, एव्हाना शिकलेल्या आमच्या भाषेत म्हणाल्या, "ती आहे ना तिकडे. सापडली नाही म्हणून काय झालं?"

वकीलबाईंनी दातातलं पेन काढलं आणि खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

मामी पुढे म्हणाल्या, आणि हे मला त्यांच्याकडून अपेक्षित नव्हतं, "आणि तिकडे कोणाला दिसत नाहीये."

"म्हणजे?"

"चष्मे. सगळ्यांचे चष्मे वाहून गेले. छावणीत म्हातारी माणसं यादीत आपल्या माणसांची नावं शोधायची, तर वाचता यायचं नाही. मला वाचायला लावायची. मी वाचायची, आणि नाव नसलं तर तेही मीच सांगायची." त्यांनी पट्टी घट्ट ओढली. "मी यांना तेव्हाच म्हटलं होतं, तुम्ही तिकडे काय करताय?"

चष्मे! आयुष्य चष्म्याच्या दुकानात गेलं माझं, पण माझ्या डोक्यात हे कधी आलं नव्हतं.

मालकांनी मागच्या खोलीतलं जुनं यंत्र सुटं करून, गोणपाटात गुंडाळून जहाजाने पाठवलं. म्हणाले, मला नाहीतरी नवं घ्यायचंच होतं. नवं काही त्यांनी पुढे बराच काळ घेतलं नाही, काचा बाहेरून घासून आणायचो आम्ही. जाताना दोघं दुकानात आले. मामींनी माझा हात हातात घेतला आणि नुसता दाबला. मामा मागच्या खोलीत जाऊन रिकामं स्टूल बघून आले.

आता ते डोंगराच्या उतारावर नव्याने वसवलेल्या वस्तीत राहतात. पत्र्याची खोली, दारात मामींची खुर्ची. माणसं लांबून चालत येतात. मामी त्यांना रांगेत बसवतात, कोणी पुढे घुसला तर त्याची खरडपट्टी काढतात. मामा अधूनमधून फोन करतात, बहुतेक यंत्र बिघडलं की. परवा केला होता. पाण्याची नळी तुंबली होती, मालक इकडून ओरडून सांगत होते, मामा तिकडून "काय? काय?" करत होते. शेवटी मालकांनी फोन माझ्याकडे दिला. मी विचारलं, कसे आहात? ते म्हणाले, बरा आहे. मामी काय करताहेत? म्हणाले, समुद्राकडे गेली आहे, रोज जाते, येईल आता.

मी म्हटलं, एकट्या?

"नाही," मामा म्हणाले. "गावातल्या सगळ्याच बायका जातात." मग म्हणाले, "थांब, एक गिऱ्हाईक आलंय," आणि फोन तसाच चालू ठेवून गेले. पलीकडे यंत्र सुरू झाल्याचा आवाज आला. मी बराच वेळ तो ऐकत काउंटरवर उभी राहिले.